बिनजेवणाची इर्जिक

जगात जो तो आपल्या स्वार्थासाठी जगतो, असं म्हणणाऱ्या माणसाबरोबर कुणी एका घरात राहून दाखवावं. मी राहिले आहे. लढाईची सगळी वर्षं राहिले, आणि नंतरही ते असेपर्यंत राहिले. ते म्हणजे माझे सासरे. आम्ही त्यांना मामंजी म्हणायचो. माणूस व्यसनी नव्हता, तापट नव्हता, सुनेला कधी वाकडं बोलला नाही. पण वाद घालायला बसला की वाटायचं, चुलीतलं लाकूड ओढावं आणि आपल्याच डोक्यात घालून घ्यावं.

मी सांगलीची. वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. संध्याकाळी आमच्या सोप्यात गरिबांची मुलं शिकायला बसायची, फुकट. शेजारी हळदीचा व्यापार करणारं जैन कुटुंब होतं, त्यांच्या ओट्यावर उन्हाळाभर येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी पाण्याचा रांजण भरलेला असायचा. माणसं एकमेकांसाठी काही करतात, यात वाद घालण्यासारखं काही आहे हे लग्न होईपर्यंत माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. लग्न होऊन कोरेगावाजवळच्या आमच्या गावात आले, आणि महिन्याच्या आत मामंजींनी माझ्या वडिलांचा निकाल लावला.

"तुजा बाप फुकट शिकीवतो म्हनं."

"हो."

"मास्तर रस्त्यानं चालला की लोक उठून रामराम घालत्यात का न्हाई?"

"घालतात."

"मग फुकट कुठलं? घेतोय की रोजच्या रोज."

मी शेजाऱ्यांचा रांजण पुढे केला. ते म्हणाले, "पुन्य. मेल्यावर उपयोगी पडतंय." मी म्हटलं, मांजर पिलांना पाजते ते? म्हणाले, न पाजलं तर तिचंच अंग दुखतं. मी देव काढला. तर म्हणाले, देवाला तर नैवेद्य लागतो, त्याचं नावच काढू नकोस. पालथ्या घड्यावर पाणी परवडलं, ते निदान ओघळून जातं तरी. इथे पाणी उलटं आपल्याच अंगावर यायचं.

आणि हा माणूस स्वतः कसा होता? दुसऱ्याच्या म्हशीला कळा लागल्या तर ताटावरून उठून जायचा. विचारलं तर म्हणायचा, "त्येच्याकडं दुधाला जायचं आसतंय आपल्याला." आमच्या परड्यात एक बोकड होता. माझे यजमान पलटणीत गेले, त्याच सुमाराला मामंजींनी तो करडू असताना बाजारातून आणला होता. लेक सुखरूप परत आला की हा कापायचा आणि गावाला जेवण घालायचं, असं त्यांनी बोलून ठेवलं होतं. त्याच्या गळ्यात घुंगरू बांधलेलं, आणि पाला मामंजी स्वतः घालायचे, आम्हाला हात लावू देत नसत. मी एकदा मुद्दाम विचारलं, "मामंजी, हा कुणाच्या स्वार्थासाठी?"

"माज्या," ते म्हणाले. "मला मटान आवडतंय."

त्या वर्षी शाळू पेरायची वेळ झाली आणि आमच्या जोडीतल्या एका बैलाला पान लागलं, म्हणजे साप चावला. बैल दावणीलाच गेला. मामंजींचा गुडघा धरलेला. यजमान ब्रह्मदेशाच्या बाजूला कुठेतरी, पत्र येऊनही बरेच दिवस झालेले. गावातली तरणी पोरं निम्मी पलटणीत, आणि जी होती ती आपापल्या रानात गुंतलेली. रान वाफशाला आलं होतं. म्हणजे जमिनीत ओल अशी नेमकी, की पेरायचं तर आत्ता, नाहीतर नुसती ढेकळं फोडत बसा. शाळू हुकला असता तर वर्षाची भाकरी हुकली असती, कारण दुकानात जाऊन ज्वारी आणावी असे ते दिवसच नव्हते. हे मला कळत होतं. मामंजींना तर माझ्या दसपट कळत होतं.

सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला फलटणला गेल्या होत्या. त्या घरात असत्या तर पुढचं काही घडलंच नसतं. त्या फार बोलत नसत, पण मामंजींचं कुठलं बोलणं उंबऱ्याच्या बाहेर जाऊ द्यायचं नाही, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

मी म्हटलं, "मामंजी, इर्जिक घाला."

इर्जिक मी आदल्या वर्षी दुसऱ्याच्या रानात बघितली होती आणि मला ती फार आवडली होती. ज्याचं काम अडलं त्याने गावात सांगायचं. ठरल्या दिवशी लोक आपापली बैलं आणि औतं घेऊन येतात, हलगी वाजवत, गाणी म्हणत, एकमेकांची टिंगल करत, आणि महिन्याचं काम दिवसात उरकून देतात. मजुरी कुणी देत नाही, कुणी मागत नाही. ज्याचं रान त्याने सगळ्यांना जेवायला घालायचं एवढंच. बहुतेक वेळा बोकड पडतोच.

"आन् घालू काय त्येंच्या पानात?" मामंजी म्हणाले. "लोक बोकडासाठी येत्यात पोरी. तुला वाटतंय मायेनं येत्यात."

"मायेनंच येतात."

"मटनाच्या वासानं येत्यात. आमी सुदिक तसंच गेलो जल्मभर."

"मटण नसतं तरी आले असते."

बास. एवढंच बोलले मी. नुसतं तोंडाने बोलले, जसं माणूस बोलतं. त्यांनी पागोटं उचललं आणि काठी टेकत बाहेर पडले. मला वाटलं, परसाकडे गेले असतील. ते गेले थेट पारावर, जिथे सकाळी गावातले कर्ते लोक बसतात. तिथे उभं राहून सांगितलं, "परवा आमच्या रानात इर्जिक हाय. जेवान मातूर न्हाई." आणि परत आले.

आले ते इतके खूश होऊन, की गुडघा दुखायचा थांबलेला.

"तोंडं पडली बग समद्यांची," ते म्हणाले. "एकानं इचारलं न्हाई, का न्हाई जेवान. कुनी वर बगंना. एक बी येत न्हाई आता. कळलं?"

वर्षाची ज्वारी या माणसाने एका वादावर लावली होती, आणि वर लोकांची तोंडं पडली म्हणून आनंद मानत होता. मी म्हटलं, "अहो, पण कुणी आलं नाही तर आपण खायचं काय?" तर म्हणाले, "ते बगू. पयलं तुजं खरं का माजं खरं ते तर ठरू दे." दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्यांना त्याचंही काही वाटलं नाही. मी गप्प बसते याचा अर्थ वाद संपत आला, असा त्यांचा हिशोब.

मी मनात ठरवलं होतं की कुणी आलंच तर गुपचूप भाकऱ्या तरी थापायच्या. पण आदल्या संध्याकाळी त्यांनी बजावलं, आपल्यापुरत्या भाकऱ्या पहाटे करून ठेव आणि चूल विझव. लोकांना धूर दिसला तर जेवण आहे असं समजून येतील, मग पैज कसली? म्हणजे पैजेचे नियमसुद्धा त्यांनीच केले. पहाटे भाकऱ्या झाल्यावर मी रागाने चुलीवर पाणीच ओतलं.

आणि सकाळी लोक आले.

मी परड्याच्या दगडी गडग्याशी उभी होते. आमच्या रानाकडे जाणारी वाट तिथून दिसायची. आधी एक जोडी दिसली, मग दुसरी, मग पाभरी आणि कुळव घेतलेल्या माणसांची ओळच लागली. आदल्या वर्षीच्या इर्जिकीला नव्हते एवढे लोक. वरच्या आळीचे आले, खालच्या आळीचे आले, बांधावरून ज्याचं आणि आमचं बोलणं बंद होतं तोसुद्धा बैलं घेऊन आला. प्रत्येकाच्या कमरेला फडक्यात भाकरी बांधलेली. जेवण नाही म्हटल्यावर आपली आपण घेऊन आले होते. मला असं भरून आलं की सांगता येत नाही. हलगी नव्हती, कुणी गात नव्हतं, कुणी कुणाला हाक मारत नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं. पण मी म्हटलं, न जेवता काम करायचं म्हणजे उत्साह कुठून येणार.

मी मागे वळून मामंजींकडे बघितलं. ते ओसरीच्या खांबाला धरून उभे होते. तोंड राखेसारखं झालेलं. हरलेल्या माणसाचं तोंड असंच होत असणार, असं मी समजले आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

"बघितलंत?" मी म्हटलं.

ते काही बोलले नाहीत. पैज हरला तरी हा माणूस गप्प बसेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

थोड्या वेळाने आमच्या चुलत सासूबाई आल्या. मामंजींच्या चुलत भावाची बायको, आमच्या भिंतीला भिंत लावून घर. त्यांच्याबरोबर भावकीतल्या दोघी होत्या, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर फडक्याने झाकलेली पाटी. मामंजी दारात आडवे उभे राहिले. त्यांच्यात आणि चुलत सासूबाईंत काहीतरी हळू आवाजात बोलणं झालं. एवढंच ऐकू आलं, की मामंजी म्हणाले, "तिला काय बोलू नका," आणि चुलत सासूबाई म्हणाल्या, "आमी कशाला बोलू." मग त्या आत आल्या. पाटीत पिठलं आणि भाकऱ्या होत्या. मी म्हटलं, अहो हे कशाला, आम्ही करून ठेवलंय. त्या "असू दे गं" म्हणाल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. तिघीही. कुणी चुगली केली नाही, कुणी सुनांना नावं ठेवली नाहीत. अशा त्या बायका मी कधी बघितल्या नव्हत्या. मी फलटणची खुशाली सांगत राहिले आणि त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

उठायला लागल्या तेव्हा मी कुंकवाचा करंडा पुढे केला. दोघींनी मान फिरवली. चुलत सासूबाईंनी मात्र करंडा माझ्या हातातून घेतला, चिमूट भरून कुंकू काढलं आणि माझ्याच कपाळाला लावलं, एवढं मोठं की नाकावर सांडलं. माझी हनुवटी धरून त्या क्षणभर तशाच थांबल्या, आणि पदर तोंडाला लावून निघून गेल्या. तिघीही "येते" न म्हणता गेल्या. आमच्याकडे बाई दुसरीच्या घरातून उठली की "येते" म्हणते; नुसती उठून जात नाही. मला रागच आला. जेवण नाही म्हटलं तर एवढा अपमान मानायचा? मी हे मामंजींना बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "माळ्यावर मोटंचा नाडा हाय जुना. त्यो शोद."

आणि तिथून त्यांनी माझ्यामागे जो लकडा लावला, तो दिवसभर. नाडा शोधायला माळ्यावर चढवलं. नाडा सापडला तर म्हणाले, हा नव्हे. खाली उतरले तर हुलगे निवडायला बसवलं, जे मी आदल्याच आठवड्यात निवडले होते. मग मिरच्या कांडायला लावल्या. रानात पाणी नेऊन देते म्हटलं तर, "तू रानाकडं जायचं न्हाई," असे ओरडले की मी दचकले. आयुष्यात ते माझ्यावर तेव्हाच ओरडले असतील. जरा बसले की काहीतरी नवीन काढायचे. मी म्हटलं, तुम्ही जेवून घ्या. म्हणाले, बांधावर कुणीतरी दिली भाकरी, खाल्ली. बांधावर गेले कधी होते कोण जाणे. ते तर ओसरीवरून हलले नव्हते.

आणि मधेच, मी मिरच्या कांडत असताना, स्वतःहून वाद उकरून काढला. "सांग बरं," म्हणाले, "तुजं म्हननं काय? मानूस दुसऱ्यासाठी काय करतंय का?"

मी मुसळ खाली ठेवलं. म्हटलं, आजचा दिवस डोळ्यांनी बघूनही विचारता? जेवण नाही, मजुरी नाही, आपली बैलं, आपली भाकरी, आणि माणसं राबताहेत तुमच्या रानात. आता सांगा यात कुणाचा काय स्वार्थ.

त्यांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "तुजं खरं हाय."

माझा विश्वास बसेना. मी वडिलांचं फुकट शिकवणं पुन्हा काढलं, तेही त्यांनी मान्य केलं. रांजण मान्य केला. मांजरसुद्धा मान्य केलं. "तुजा बाप मोठा मानूस हाय," म्हणाले. "त्येच्याकडं जाऊन ऱ्हा चार महिनं, बरं वाटंल." मला इतका आनंद झाला की मी सासूबाईंना फलटणला हे कसं कळवायचं याचाच विचार करत बसले. आज ते आठवलं की स्वतःच्या अकलेचं नवल वाटतं. मामंजी वाद हरले, आणि मला संशय आला नाही.

दिवस कलला तेव्हा पेरणी झाली होती. सगळं रान. बैलं सोडून लोक आमच्या दारापाशी आले, पण आत कुणी येईना. गडग्याला टेकून, पायऱ्यांवर, जागा मिळेल तिथे उकिडवे बसले. चुलत सासरे तेवढे ओसरीवर येऊन मामंजींच्या शेजारी बसले. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर निघाले होते, दाराआड होते.

चुलत सासरे म्हणाले, "दादा, तार कवा आली?"

"मला इचारतोस?" मामंजी म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. "तुमालाच ठावं. तुज्या पोराचं पत्र आलं आसंल. एकाच पलटनीत हायती दोगं."

"माज्या पोराचं? त्येचं पत्र पंचमीपस्नं न्हाई."

"मग तुमाला कळलं कुटनं?"

"आमाला? आवं दादा, तुमीच तर सांगितलंसा."

"मी काय सांगितलं?"

"पारावर यून सांगितलंसा की. इर्जिक हाय आन् जेवान न्हाई. आज सकाळपस्नं तुमच्या घरावर धूर न्हाई. गावात बिनजेवनाची इर्जिक कवा झालीया का? चूल कवा बंद ऱ्हाती मान्साची? आमी काय समजायचं?"

दुःखाच्या घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारची माणसं पिठलं-भाकरी आणून देतात, त्याला कडू घास म्हणतात. त्या घराची अडलेली कामं भावकी करून देते आणि तिथे पाणीसुद्धा घेत नाही. उठताना "येतो" म्हणत नाही, कारण अशा घरी पुन्हा यायची वेळ येऊ नये. हे सांगलीत मलाही ठाऊक होतं. पण आपल्या घरात काही झालेलं नाही हेही मला ठाऊक होतं, म्हणून एकही खूण मला दिसली नाही. गावाला वाटलं, यांच्याकडे लेक गेल्याची तार आली आहे आणि म्हातारा सुनेपासून लपवतो आहे. सकाळी कमरेला भाकरी बांधलेले लोक बघून मामंजींना वाटलं, गावाला बातमी कळली आहे आणि आपल्यालाच अजून कळलेली नाही. दोघांनीही दिवसभर एकमेकांना विचारलं नाही, कारण मी घरात होते.

माझ्या हातून तांब्या पडला.

सगळ्यांनी वळून बघितलं. मामंजी उठायला गेले आणि गुडघ्याने दगा दिला, ते परत बसले. कपाळावरचं ते एवढं कुंकू मला एकदम जाणवलं. भीती वाटून गेली होती आणि तिच्या मागून असा संताप आला, की सासरे, चुलत सासरे, पडद्याची रीत, काही आठवलं नाही. मी बाहेर येऊन म्हटलं, "म्हणजे तुम्ही सगळ्यांनी मिळून मला दिवसभर विधवा करून ठेवलं होतं, आणि मी आत हुलगे निवडत होते!"

मग मी सगळं सांगितलं. तार आलेली नाही, पत्र आलेलं नाही, जेवण का नाही, धूर का नाही, पैज काय होती. सांगताना मला रडूही येत होतं आणि मामंजींचा रागही येत होता, आणि मधेमधे हुंदक्यामुळे वाक्य तुटलं की मामंजी स्वतःच पुढचं वाक्य पुरं करत होते, तेवढंही त्यांना गप्प बसवत नव्हतं.

गाव चिडलं. चिडणारच. बांधाच्या भांडणातला म्हणाला, "आवं, सुनंसंगं पैज मारायला आमीच घावलो व्हय?" कुणी म्हणालं, म्हाताऱ्याला आता रानात पुरा. चुलत सासरे तर डोकं धरून बसले होते आणि बोटांच्या फटीतून हसत का रडत होते ते कळेना. मागून एकजण म्हणाला, "मग आता कापा बोकड. दिसभर सुतकात राबलोय."

"त्येला हात लावायचा न्हाई," मामंजी म्हणाले.

ते अगदी हळू म्हणाले. परड्यात घुंगरू वाजलं. बोकड कशासाठी ठेवला आहे हे गावात पोराटोरांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. पण पारावर जाऊन जेवण नाही म्हणून सांगण्यामागे तो बोकड होता, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं. म्हातारा बोकड वाचवायला निघाला आणि त्याने त्याचं तत्त्वज्ञान केलं. सरळ सांगितलं असतं तर आम्ही पिठल्यावर इर्जिक घातली असती आणि कुणी तक्रार केली नसती. पण सरळ सांगायचं म्हणजे लेकाची काळजी वाटते असं कबूल करायचं.

"ऱ्हाऊ दे," ज्याने मागितला होता तोच म्हणाला. "पोरगं आल्यावर खाऊ."

पुढे लढाई संपून हे आले तेव्हा तो बोकड पडला आणि गाव जेवलं. ज्याला मटण आवडतं म्हणून तो पाळला होता, त्याने त्यातला तुकडासुद्धा तोंडात घातला नाही. दात दुखतात म्हणाले.

त्या संध्याकाळी चुलत सासूबाई आल्या. त्यांना सगळं कळलं होतं. मामंजींकडे त्यांनी बघितलंही नाही. सकाळची पिठलं-भाकरीची पाटी बाहेर आणली आणि मला म्हणाल्या, "गूळ काढ घरातला. हे कडू घास म्हनून आनलं हुतं, आता गोड करून खाऊ." मी ढेप फोडली. फोडताना बरीच मनातली खदखद तिच्यावर काढली. चूल पेटवली, आणखी भाकऱ्या थापल्या, आणि माणसं भाकरी-गूळ खात दारात बसली. कुठून तरी हलगी आली. जाताना एकूण एक माणूस "येतो" म्हणाला. काहीजण दोनदा म्हणाले.

सगळे गेल्यावर दिव्याला हात जोडून मामंजी आत आले आणि पाटावर बसले. लोकांत बसून ते जेवले नव्हते. मी ताट वाढलं आणि समोर बसले. दिवसभर मला एवढं नाचवल्यावर निदान एक गोष्ट मला त्यांच्या तोंडून ऐकायची होती.

"आता कबूल करा," मी म्हटलं. "बोकड नसताना आले लोक."

"मयताला कोन बी येतंय." सकाळचं मांजर, रांजण, माझे वडील, सगळं त्यांनी परत घेतलेलं दिसत होतं. "आपल्या मयताला लोक यावं म्हनून."

"आणि बांधावाला?"

"त्येला बांध जवळनं बगायचा आसंल."

मला वाटलं, उठून ताट ओढावं. पण मी म्हटलं, "बरं. आणि तुम्ही? तुम्हाला वाटलं, लेक गेला. सकाळपासून एकट्याने ते पोटात घेऊन बसलात. पोटात भाकरीचा तुकडा नाही, खोटं सांगितलंत खाल्ली म्हणून. मला हुलगे निवडायला लावलेत, माळ्यावर चढवलंत, वादात जिंकू दिलंत. तुम्ही. यात तुमचा काय स्वार्थ होता, सांगा."

त्यांनी भाकरी मोडली. पिठल्यात बुडवली.

"तुजं रडनं मला ऐकवलं नसतं पोरी," ते म्हणाले. "एक दिस लांबीवलं. माज्यासाठीच की ते."

आणि जेवायला लागले. मला काय म्हणायचं ते सुचलं नाही. इतक्या वर्षांत अजूनही सुचलेलं नाही, आणि त्याचा राग मला अजून येतो. मी तुपाची वाटी घेतली आणि रागारागानेच त्यांच्या भाकरीवर ओतली, घरात होतं तेवढं सगळं.